चाक फुटलेलं नाही

पूर्णा जंक्शनला गाडी लागली की
आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ग्यानोबा खिल्लारे,
लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेकडेनं चालत.
चाकावर एक ठोका. मान वाकडी. पुढचं चाक.
ठण्ण वाजलं तर जाऊ द्या.
थप्प वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे.
तेहतीस वर्षं पगार घेतला तो ऐकण्याचा.

आता चहाच्या कपावर चमचा ठोकतात
आणि पुढच्या कपाकडं वळतात.

"भात वाढू का?" विचारलं
तर म्हणाले, "नातू? कवा आला?"
परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"
"दार? लावलं की."
डॉक्टरांनी कागदावर शून्य मांडलं.
मग तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले,
आणि पाच मिनिटांनी परत मागितले.
मामा माझ्याकडं बघत राहिले.
जे हातात पडलंच नाही
ते परत कुठून द्यायचं होतं त्यांनी?
हे मला तेव्हा सुचलं नाही.
मीही घरी येऊन सांगितलं, शून्य.

नांदेडच्या सुमय्या मॅडमनी आधी मळ काढला,
इंजिनाच्या काजळीसारखा, दोन्ही कानांतून.
"विसरणं आहेच," म्हणाल्या, "पण त्यात न ऐकणं किती मिसळलंय
ते आधी निवडून काढू."
आणि लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून
त्याचा दांडा मामांच्या कपाळाला टेकवला.
मामांनी मान वाकडी केली.
डोळे मिटले.
"फुटलेलं नाई," म्हणाले. "सोडा गाडी."

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं.
पहिल्या आठवड्यात ज्वारीच्या डब्यात सापडलं,
नंतर चपलेत,
एकदा विजूच्या कंपासपेटीत, खोडरबराशेजारी.
आता दोरा ओवून कॉलरला अडकवते.
सेल मसुराएवढा, शुगरची गोळी म्हणून गिळतील,
म्हणून माळ्यावर, कुलपात.
मिक्सर बंद करून बोलायचं. टीव्ही बंद करून बोलायचं.
पाठीमागून नाही, तोंड दिसेल असं, उजेडात.
एका वेळी एकच गोष्ट.
शेजारची रुख्मिण अजून दारातूनच वरडते, "ओ आबाऽऽ!"
मामा दचकून कानाला हात लावतात.
"कामून वरडायलीस? मी काय बहिरा हाय का?"

हसले सगळे. मीही हसले.

मग त्यांनी विचारलं, "कौसल्या कुठंय?"

हे आधीही विचारायचे. दिवसातून चारदा.
मी सांगायचे, आत्याबाई गेल्या, सात वर्षं झाली,
आणि ते "हां, हां" म्हणत भिंतीकडं वळायचे.
मला वाटायचं, कळलं.
आता पहिल्यांदा ऐकू गेलं.
"गेली?"
ओठ हलत राहिले. मशीन कानात नीट बसलेलं होतं.
हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्या रात्री सेल बदलायचा मी मुद्दाम विसरले.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी ते उंबऱ्यावर बसून
शाळेत जाणाऱ्या पोरांचे हलणारे ओठ बघत होते,
काचेआडून बघावं तसे.
मी माळ्यावर चढले.

कौसल्या आता वसमतला बहिणीकडं असते.
मी समोर बसून, उजेडात, हळू सांगते.
"बरंय," म्हणतात. "हळद काढायची असंल."
मॅडमला हे सांगितलेलं नाही. सांगीन.

काल संध्याकाळी पॅसेंजर पुलावरून गेली.
मला ती एकच खडखड.
मामांनी चमचा उचलला,
माझ्या कपाळावर एक हलका ठोका दिला,
कान जवळ आणला.
मी श्वास धरून उभी.
बराच वेळ.
मग काही न बोलता
ते विजूच्या कपाळाकडं गेले.